परत येणारा उजेड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी ज्या खोलीत बसून आपल्याशी बोलतो आहे, तिच्या भिंती जरा वेगळ्या आहेत. त्यांना बारीक भोके आहेत, आत मऊ अस्तर आहे, पायाखाली जाड गालिचा आहे. पहिल्यांदा इथे कविता वाचायला आलो तेव्हा माझाच आवाज मला ओळखीचा वाटेना. घरात, मशिदीत किंवा सभागृहात आपण बोलतो तेव्हा आवाजाचा थोडा भाग भिंतींवर आपटून परत येतो. त्याची आपल्याला सवय झालेली असते. इथे तो परत येत नाही, आणि तो येऊ नये म्हणूनच एवढी खटपट केलेली आहे.

आज मी अशाच एका परत येणाऱ्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. फक्त ती गोष्ट आवाज नाही, उजेड आहे. संगणकाच्या चिपला उजेडाची तार जोडताना थोडा उजेड उलटा फिरतो आणि काम बिघडवतो. त्याला आवरायचे कसे, हा आजचा विषय. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि कविता लिहिणाऱ्या माणसाने या विषयात का पडावे, असे आपल्याला वाटेल. त्याला कारण आमच्या घरी घडलेला एक प्रसंग आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या धाकट्या मुलीची नोकरीसाठी मुलाखत होती, ऑनलाइन. पंधरा मिनिटांत तीनदा लाइन तुटली. चौथ्यांदा जोडणी झाली तेव्हा समोरच्यांनी सभ्यपणे आभार मानून मुलाखत संपवली. नोकरी गेली. मी तिलाच बोललो. 'दिवसभर त्या लॅपटॉपवर दहा गोष्टी उघडून ठेवतेस, मग असेच होणार!' ती काही बोलली नाही, उठून आत गेली.

चार दिवसांनी तक्रारीवरून एक तरुण आला. विशी-बाविशीचा असेल, पाठीला सॅक. त्याने भिंतीवरची लहानशी डबी उघडली, आत वाकून पाहिले आणि म्हणाला, 'काका, हिरव्यात निळी घातलीय कुणीतरी. उजेड पुढं जायच्याऐवजी मागं फिरतोय.'

मला काहीच कळले नाही. त्याने दोन लहान प्लॅस्टिकची टोके दाखवली, एक हिरवे, एक निळे. दिसायला सारखीच. 'निळीचं तोंड सरळ घासलेलं असतं, हिरवीचं तिरकं. सरळ आणि तिरकं एकमेकांना टेकत नाही. मधी फट राहते.' आधी येऊन गेलेल्या कुणीतरी घाईत चुकीचे टोक बसवले होते. त्याने ते बदलले, जोडण्यापूर्वी टोक पेनासारख्या एका साधनाने पुसले, यंत्र लावून आकडा पाहिला आणि पंधरा मिनिटांत निघून गेला. पण 'उजेड मागं फिरतोय' हे वाक्य मात्र माझ्यापाशी राहिले. मग शेजारचे पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, काही पुस्तके आणि बरेचसे प्रश्न, असे करत मी जे समजून घेतले ते आज आपल्याला सांगतो.

रात्रीच्या एस.टी.त खिडकीशी बसल्यावर आपण काय पाहतो? बाहेरचा दिवा दिसतो आणि त्याच काचेत आपला चेहराही दिसतो. काच पारदर्शक असली तरी ती सगळा उजेड पुढे जाऊ देत नाही. हवेतून काचेत शिरताना शंभरातले सुमारे चार भाग मागे फिरतात, काचेतून बाहेर पडताना पुन्हा तेवढेच. काचेत मळ आहे म्हणून हे होत नाही. स्वच्छातल्या स्वच्छ काचेतही हे होतेच. दोन वेगवेगळ्या पदार्थांची हद्द जिथे लागते, तिथे उजेडाचा काही हिस्सा परततो.

किती परततो, हे दोन पदार्थांत फरक किती आहे यावर ठरते. पदार्थात शिरल्यावर उजेडाचा वेग मंदावतो. किती मंदावतो त्याच्या आकड्याला अपवर्तनांक म्हणतात. हवेचा जवळजवळ एक, खिडकीच्या काचेचा दीड, आणि ज्याच्यापासून चिप बनते त्या सिलिकॉनचा साडेतीनच्या आसपास. एक आणि दीड यांच्या हद्दीवर चार टक्के उजेड परततो. एक आणि साडेतीन यांच्या हद्दीवर तब्बल तीस टक्के! म्हणजे सिलिकॉनच्या चिपमध्ये उजेड नुसता सरळ सोडला, तर जवळजवळ एक तृतीयांश दारातूनच परत फिरेल.

आता कुणी म्हणेल, थोडा उजेड वाया गेला, त्यात एवढे काय? जास्त सोडा! पण प्रश्न वाया जाण्याचा कमी आणि परत जाण्याचा जास्त आहे. कारण परतलेला उजेड सरळ आपल्या उगमाशी, म्हणजे लेसरमध्ये जाऊन शिरतो.

अर्धवाहकाचा लेसर १९६२ साली पहिल्यांदा चालला. त्याच्या साध्या रूपात एका बारीकशा स्फटिकाची दोन टोके आरशाचे काम करतात. मघाशी सांगितलेले ते तीस टक्के परतणे इथे कामाला येते. दोन टोकांमध्ये उजेड ये-जा करतो, प्रत्येक फेरीत वाढतो, आणि त्या ये-जा करण्याच्या ठेक्यातून लेसरचा एकसारखा, एका सुराचा उजेड तयार होतो. म्हणजे परत येणाऱ्या उजेडावरच लेसर जगतो. पण तो उजेड घरचा हवा, ठेक्यात हवा. बाहेरच्या एखाद्या जोडणीवरून उशिरा परतलेला उजेड आत शिरला, की ठेका चुकतो. लेसरचा रंग किंचित सरकतो, तेज कमी-जास्त होऊ लागते, आणि परतणारा उजेड पुरेसा असेल तर सगळाच गोंधळ होतो. रॉय लँग आणि कोहरो कोबायाशी यांनी १९८० साली या गोंधळाची समीकरणे मांडली. ती आजही वापरतात.

याचा अनुभव आपण सगळ्यांनी घेतला आहे. फोनवर बोलताना कधी कधी आपलाच आवाज अर्ध्या क्षणाने आपल्या कानात येतो. मग आपण अडखळतो, बोलायचे तेच विसरतो. लेसरचे तसेच होते. तो इतका हळवा असतो, की त्याच्या उजेडाचा दहा हजारातला एक भाग परतला तरी काही लेसर बेचैन होतात. तिथे शंभरात चार म्हणजे फारच झाले.

दुसरा त्रास वाटेवरचा. एका वाटेवर परतवणाऱ्या दोन जागा असतील, तर उजेडाचा काही भाग त्यांच्यामध्ये घुटमळतो आणि मुख्य संदेशाच्या मागून उशिरा पोहोचतो. जुन्या ॲन्टेनावर दूरदर्शन पाहिलेल्यांना आठवेल, निवेदिकेच्या शेजारी तिचीच फिकट सावली उभी राहायची. आम्ही त्याला भूत म्हणायचो. उंच इमारतीवर आपटून उशिरा आलेल्या लहरींमुळे ते दिसायचे. उजेडाच्या तारेतही अशी भुते असतात.

आता चिपचे काय? काचेची तार, म्हणजे प्रकाशतंतू, आपल्याला ओळखीची झाली आहे. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी तिच्यातून दूरवर संदेश पाठवता येतील असे गणिताने दाखवले. १९७० मध्ये कॉर्निंगच्या शास्त्रज्ञांनी तशी शुद्ध काच खेचून दाखवली. काओंना २००९ चे नोबेल मिळाले. समुद्राखालून येणाऱ्या अशा अनेक केबल आपल्या मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. पूर्वी ही काचतार शहराला शहर जोडायची, मग ती घरापर्यंत आली, आणि आता ती थेट चिपच्या अंगाला भिडते आहे. नवी मुंबईत आहेत तशा डेटा सेंटरांमध्ये हजारो संगणक एकमेकांशी अखंड बोलत असतात. तांब्याच्या तारेतून फार वेगाने माहिती पाठवली की ती वाटेत क्षीण होते आणि वीज खाते. म्हणून उजेड अगदी चिपच्या बगलेपर्यंत न्यायचा. असे, चिपशेजारीच उजेडाची जोडणी असलेले स्विच एनव्हिडिया कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले.

अडचण मापाची आहे. काचतारेतून जाणारा उजेडाचा ठिपका साधारण दहा मायक्रॉन रुंदीचा. म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा आठवा-दहावा हिस्सा. आणि चिपवरची सिलिकॉनची वाट असते अर्धा मायक्रॉन रुंद आणि त्याच्या निम्म्याहूनही कमी जाड. कालव्याचे पाणी एकदम घरच्या नळात घालण्यासारखे हे काम. त्यात सिलिकॉन स्वतः नीट उजेड देत नाही. त्यामुळे लेसर दुसऱ्या पदार्थाचा, बहुधा इंडियम फॉस्फाइडचा करून आणावा लागतो. म्हणजे लेसरच्या अगदी तोंडाशीच सांधा आला, आणि जिथे सांधा तिथे परतणे आले.

यावर माणसाने जे उपाय शोधले, त्यांतले काही इतके साधे आहेत की ऐकून मला मौज वाटली.

पहिला उपाय त्या मुलाच्या हातात होता. तोंड तिरके करा. आरशावर किरण जितक्या कोनात येतो तितक्याच कोनात परततो. हा नियम ग्रीकांना ठाऊक होता. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी कैरोमध्ये लिहिलेल्या 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात त्याचा प्रयोगांनिशी विचार केला आहे. तारेचे तोंड सरळ असेल तर परतणारा उजेड आल्या वाटेनेच मागे जातो. तेच तोंड आठ अंश तिरके घासले, तर तो परततो खरा, पण बाजूला फेकला जातो. वाटेत राहत नाही, लेसरपर्यंत पोहोचत नाही. सरळ पण उत्तम घासलेल्या जोडणीत लाखातला एखादा भाग परततो. तिरक्या जोडणीत दहा लाखांतला एक किंवा त्याहूनही कमी. चिपवरही हीच युक्ती चालते. सिलिकॉनची वाट चिपच्या कडेला काटकोनात न नेता जरा तिरकी नेतात. चिपवर वरून उजेड सोडायचा असेल तेव्हा काचतार सरळ उभी न धरता आठ-दहा अंश कलती धरतात.

दुसरा उपाय मधल्या थराचा. त्याची सुरुवात एका जुन्या काचेपासून झाली. लॉर्ड रॅले यांना १८८६ मध्ये आढळले, की जुनी, हवेने काळवंडलेली काच नव्या लखलखीत काचेपेक्षा जास्त उजेड आरपार सोडते. १८९२ च्या सुमारास डेनिस टेलर या भिंग बनवणाऱ्याच्याही हे लक्षात आले. जुनाटपणामुळे काचेवर एक पातळ थर बसला होता आणि तोच मदत करत होता. १९३५ मध्ये जर्मनीत झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी असा थर मुद्दाम चढवण्याची रीत काढली. १९३८ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कॅथरीन ब्लॉजेट या बाईंनी काचेवर एकेका रेणूच्या जाडीचे ४४ थर चढवून तिची चमक जवळजवळ घालवली. केंब्रिजमधून पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांचा थर नाजूक होता, बोटाने पुसला जायचा. पुढे टिकाऊ थर आले. आज आपल्या चष्म्यावर जी हिरवट-जांभळी झाक दिसते, ती त्याच घराण्यातली.

हा थर काम कसा करतो? त्याची जाडी उजेडाच्या तरंगलांबीच्या पावपट ठेवतात. थराच्या वरच्या पृष्ठावरून एक लाट परतते, खालच्या पृष्ठावरून दुसरी. दुसरीला जास्त चालावे लागते, म्हणून ती पहिलीच्या बरोबर उलट्या तालात येते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसतो, आणि दोन्ही एकमेकींना मिटवतात. त्यासाठी थराचा अपवर्तनांक दोन्ही पदार्थांच्या मधला हवा. सिलिकॉन आणि हवा यांच्यासाठी तो एक पूर्णांक नऊच्या जवळ येतो. सिलिकॉन नायट्राइडचा दोनच्या आसपास असतो, म्हणून ते इथे उपयोगी पडते. उणीव एवढीच, की थर एका रंगाच्या उजेडाला नेमका बसतो, इतरांना तितका नाही.

इथे मी थोडे स्वतःचे बोलतो. आमच्या घरी दखनी बोलायचे, शाळेत मराठी. पहिलीत मी जे बोलायचो त्यावर वर्ग हसायचा आणि माझे शब्द माझ्याकडेच परत यायचे. महिनाभरात मी बोलणेच बंद केले. एक बाई होत्या, त्यांना दोन्ही बोली येत. त्या माझे वाक्य आधी माझ्यासारखे म्हणत, मग वर्गासारखे. त्यांनी मला माझी बोली सोडायला लावली नाही आणि वर्गालाही त्याची भाषा सोडायला लावली नाही. मधे उभ्या राहिल्या, इतकेच. मी आज मराठीत लिहितो याचे बरेचसे श्रेय त्यांना आहे. त्या पातळ थराबद्दल वाचताना मला त्या आठवल्या.

तिसरा उपाय हळूहळू बदलण्याचा. हद्द एकदम लागली की उजेड दचकतो. ती सावकाश लागली तर त्याला कळतही नाही. निसर्गाला हे आधीपासून ठाऊक आहे. रात्री उडणाऱ्या काही पतंगांच्या डोळ्यांवर अतिशय बारीक उंचवटे असतात, उजेडाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान. त्यामुळे हवा कुठे संपली आणि डोळा कुठे सुरू झाला, हे उजेडाला समजत नाही. डोळा चमकत नाही, भक्ष्य शोधणाऱ्याला पतंग दिसत नाही. १९६७ मध्ये बर्नहार्ड या शास्त्रज्ञाने याचे वर्णन केले. चिपवर हेच वेगळ्या रीतीने करतात. सिलिकॉनची वाट कडेकडे नेताना पेन्सिलीच्या टोकासारखी निमुळती करत जातात. गंमत अशी, की वाट बारीक झाली की उजेड तिच्यात मावत नाही, तो आजूबाजूच्या काचेत पसरतो आणि फुगत फुगत काचतारेतल्या ठिपक्याच्या मापाला जवळ येतो. शिवाय मधली फट भरून काढायला काचेच्याच अपवर्तनांकाचा चिकट पदार्थ वापरतात, म्हणजे मधे हवा उरतच नाही.

आणि शेवटचा उपाय, एकदिशा दार. इकडून जाता येते, तिकडून येता येत नाही. त्याचे मूळ मायकेल फॅरडे यांनी १८४५ मध्ये लावलेल्या शोधात आहे. उजेडाची लाट एका ठराविक दिशेत हेलकावे खाते. चुंबकाच्या प्रभावाखालील काही पदार्थांतून जाताना ती दिशा वळते. आता असे समजा, उभ्या गजांचे एक दार आहे. त्यातून उभी हेलकावणारी लाट आत आली. मधल्या स्फटिकाने तिला ४५ अंश वळवले. पुढे ४५ अंश कललेल्या गजांचे दुसरे दार आहे, त्यातून ती सहज गेली. परत आली तेव्हा स्फटिकाने तिला पुन्हा त्याच बाजूला ४५ अंश वळवले. झाले ९० अंश. लाट आडवी झाली आणि पहिल्या दाराच्या उभ्या गजांवर अडली. साखरेचे पाणीही उजेडाची दिशा वळवते, पण परतीच्या वाटेवर ते वळण उलगडते. चुंबकाचे वळण उलगडत नाही, हीच खुबी.

लेसरच्या डबीत असे दार सर्रास बसवतात. पण त्यासाठी लागणारा गार्नेट जातीचा स्फटिक सिलिकॉनवर सहज वाढत नाही, आणि सोबत चुंबकही लागतो. चिपवर ते दार कसे बसवायचे यावर जगभर संशोधन चालू आहे. काही जण उलट बाजूने विचार करतात. परत आलेला उजेड सहन करणारा लेसरच का बनवू नये? क्वांटम डॉट नावाचे अतिसूक्ष्म कण वापरून केलेले लेसर परतणाऱ्या उजेडाला बरेच कमी बिचकतात, असे दिसून आले आहे.

एवढे सगळे असूनही रोजच्या कामात सगळ्यात मोठा शत्रू कोण, तर धूळ. काचतारेचा गाभा नऊ मायक्रॉनचा. तिथे धुळीचा एक कण किंवा बोटाचा तेलकट ठसा बसला, की उत्तम घासलेले तोंडही वाया. म्हणून तो मुलगा जोडण्यापूर्वी टोक पुसत होता. मी तेव्हा मनात म्हणालो होतो, कशाला उगाच वेळ घालवतो आहे!

श्रोतेहो, आपल्या घरी अशी तार आली असेल तर तीन गोष्टी सांगतो. तिला जोरात वाकवू नका, टोक उघडले तर बोट लावू नका, आणि उघड्या टोकात डोळा घालून कधीही पाहू नका. त्यातला उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. आणि जोडणी करणारा आला, की हिरव्याला हिरवेच लागले आहे ना, एवढे विचारा. तो रागावणार नाही.

त्या दिवशी तो गेल्यावर मी मुलीच्या खोलीत गेलो. चूक तुझी नव्हती, भिंतीवरच्या डबीत होती, असे सांगितले. ती म्हणाली, 'अब्बा, मी तेव्हाच म्हणणार होते, पण तुम्ही ऐकलं नसतं.' मी तिची माफी मागितली. दोन महिन्यांनी तिने दुसऱ्या ठिकाणी मुलाखत दिली. लाइन एकदाही तुटली नाही. नोकरी मिळाली की नाही, हे विचारायला शेजारचे प्राध्यापक माझ्याआधी तिच्याकडे गेले. मिळाली.